स्फटिकांची वही : सोळावा दिवस

तुरटीचा लटकवलेला स्फटिक आज १९ मिलिमीटर भरला. गेल्या शुक्रवारी १४ होता. कडा अजून धारदार आहेत, आणि टॉर्चसमोर धरला की आतून अगदी स्वच्छ दिसतो.

मिठाच्या बाबतीत पहिला आठवडा वाया गेला, आणि चूक माझीच. तुरटीसारखंच मिठाचंही गरम द्रावण करून ते थंड व्हायची वाट बघत बसलो. पण १०० मिली पाण्यात २० अंशाला साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. मग थंड होऊन खाली बसणार तरी किती? तुरटीचं तसं नाही, गरम पाण्यात ती कितीतरी पटींनी जास्त विरघळते. आता मीठ पसरट बशीत ठेवलंय, पाणी आपसूक उडू दिलंय. सावलीतल्या बशीत तीन-तीन मिलिमीटरचे नेटके घन आलेत. उन्हातल्या बशीत मात्र मधे खोलगट, पायऱ्यापायऱ्यांचे. भराभर वाढताना कोपऱ्यांना आणि कडांना मीठ आधी मिळतं आणि मधला भाग मागे पडतो. मुलांना हेच जास्त आवडले, मलाही.

साखर अजून दोऱ्यावरच्या कणांपुढे सरकलेली नाही. पाक इतका दाट, की त्यात रेणूंना हलायलाच वेळ लागतो. तिला महिना द्यायचा.

सुती दोरा वापरू नका. त्याच्या प्रत्येक तंतूवर बारीक स्फटिक धरतात आणि शेवटी घोस लटकतो. नायलॉनचा दोरा घेतल्यापासून हा त्रास संपला. दुसरं, बीज (म्हणजे दोऱ्याला बांधलेला सुरुवातीचा छोटा स्फटिक) टाकण्याआधी द्रावण खरंच संपृक्त आहे ना, म्हणजे त्यात आणखी काही विरघळणार नाही ना, ते बघा. आमचं पहिलं बीज रात्रीत विरघळलं, सकाळी नुसता फास उरला होता. आता बीज सोडलं की बरणीमागे टॉर्च धरतो. स्फटिकापासून पाण्यात पुसट रेघा खाली उतरताना दिसल्या, तर तो विरघळतोय आणि जड द्रावण तळाशी चाललंय. वर चढताना दिसल्या, तर तो वाढतोय. हे एकदा डोळ्यांनी बघाच.

आजचा सगळ्यात चांगला तास कोनमापकाचा झाला. तळाशी पडून वाढलेले तुरटीचे स्फटिक चपटे, वेडेवाकडे. लटकवलेला मात्र दोन पिरॅमिड तळाला तळ जोडल्यासारखा. कार्डबोर्डला १०९.५ अंशांची खाच कापली आणि शेजारशेजारच्या दोन पृष्ठांवर बसवून पाहिली. लटकवलेल्यावर बसली. चपट्यावरही तशीच बसली! एका मुलीने आणखी पाच स्फटिक तपासले, तेव्हा कुठे तिला पटलं. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये हेच लिहून ठेवलं : पृष्ठं लहानमोठी होतात, त्यांच्यातले कोन तेच राहतात.

दुपारी खोली तापते आणि मोठ्या स्फटिकाच्या कडा बोथट होण्याची भीती वाटते, म्हणून बरणी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवली आणि तोंडावर फिल्टर पेपर बांधला. पुढचं मोजमाप शुक्रवारी.