पुडिंगमधलं अंडं आणि आपली मंडळी

"ती अजून विश्वासात वाढलेली नाही." रविवारची उपासना संपल्यावर चहाच्या वेळी हे वाक्य आमच्या चर्चमध्ये हमखास कानावर पडतं, आणि तेही इतक्या प्रेमळ आवाजात की वाटावं बाई आता डोळे मिटून प्रार्थनाच सुरू करणार. कोणाबद्दल? जी नवीन आलीये तिच्याबद्दल, जो दुसरं गीत सुरू झाल्यावर आत शिरतो त्याच्याबद्दल, ज्यांचा मुलगा कॉलेजात गेल्यापासून चर्चला फिरकत नाही त्यांच्याबद्दल. कुठपर्यंत वाढायला हवं होतं आणि मोजायची पट्टी कोणाकडे असते हे मात्र कोणी सांगत नाही.

मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो, केडगावला मुक्ती मिशन बघायला जातो, फोटो काढतो, पण १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं त्यावर कोणी बोलत नाही. बाई शाकाहारी होत्या, आणि अंडं घातलेलं पुडिंग खात नव्हत्या. झालं! वाँटेजच्या ज्या जोगीण सिस्टर जेराल्डीननी त्यांना धर्ममाता म्हणून जवळ केलं होतं त्यांनाच ह्यात जातीचा अहंकार दिसायला लागला. मग क्रॉसवरच्या लॅटिन अक्षरांचा विषय निघाला, रमाबाईंचं म्हणणं होतं की मला लॅटिन कळत नाही, आमची संस्कृत काय कमी आहे, ती अक्षरं संस्कृतात का नकोत. आणि त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ह्याबद्दल, तर प्रश्नावर प्रश्न, कारण समजल्याशिवाय मान डोलावणं त्यांना जमतच नव्हतं. त्यांची पत्रं आहेत, त्यात त्या सरळ लिहितात की होय, मला स्वतःला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं आणि पूर्वजांच्या रीती जमतील तेवढ्या मी पाळते. बाप्तिस्म्यानंतर लिहिलंय हे! आज आमच्या कमिटीसमोर कोणी असं लिहून दिलं तर काय होईल ह्याची कल्पनाच न केलेली बरी.

पण त्याच इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात डोरोथिया बील नावाच्या प्रिन्सिपॉल होत्या, त्यांनी काय केलं तर रमाबाईंचे प्रश्न ऐकून घेतले, उत्तरं लिहिली, पुन्हा प्रश्न आले, पुन्हा लिहिलं. हिला हिच्या पद्धतीने विचार करू दे असं त्यांचं एकंदरीत धोरण. मला ह्या बाई फार आवडतात. पुढे ह्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत त्या कामाला जुंपलेल्या होत्या. आता म्हणाल, एवढं मोठं काम केलं म्हणून त्यांचं सगळं माफ. तसं नाही हो. काहीच केलं नसतं तरी पुडिंग नाकारायचा हक्क त्यांना होताच की!

आमच्याकडे पुडिंगच्या जागी टिकली आहे. एक नवी सून येते, नवऱ्याच्या घरचे हिंदू, नवऱ्याची तिने इथे यायला हरकत नाही पण सासूला कपाळ मोकळं चालत नाही. ती गेटजवळ टिकली काढते, मोबाईलच्या कव्हरवर चिकटवते, आणि परत जाताना रिक्षात बसायच्या आधी लावते. पाठीमागच्या बाकावरून हे सगळं टिपलं जातं आणि मग चहाला तेच वाक्य. ती पोर घरी काय काय ऐकून घेऊन इथवर येत असेल हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोममधल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे रोमकरांना, पत्रात काय लिहिलं? एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला, तर खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. चाकर दुसऱ्याचा आहे, त्याचं काय ते त्याचा धनी बघेल.

ह्यावर एक काका नेहमी म्हणतात, मग कोणाला काही बोलायचंच नाही का? बोलायचं ना. येशूचा शिष्य पेत्र, त्याने लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून अंग काढून घेतलं तेव्हा पौल त्याला अंत्युखिया शहरात सगळ्यांसमोर बोललाच. पण तो कोणाला बोलला बघा, मंडळीतल्या मोठ्या माणसाला बोलला आणि तेही नवीन लोकांना दूर लोटलं म्हणून. आपलं सगळं उलटं. नव्या पोरीच्या कपाळावर आपल्याला दम निघत नाही, आणि चर्चचा हिशोब वर्षानुवर्षं मांडला गेला नाही तरी "धीर धरा, प्रार्थना करू या". बायकोवर हात टाकणारा माणूस पुढच्या बाकावर बसतो, त्याच्या बायकोलाच सांगतात की तू सहन कर, प्रभू बघतोय. ह्याला धीर म्हणायचं? मला तर ती सरळसरळ घाबरट सोय वाटते.

असो. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, हिशोबाचं मी विचारणार आहे, कोणाला राग आला तर येऊ दे. आणि कोणी टिकलीचा विषय काढलाच तर पौलाच्या त्याच रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय तिथेच वाचून दाखवीन, पूर्ण, तेवीसच वचनं आहेत, चहा गार व्हायच्या आत होतील.