हिशेब कोण विचारणार?

आज बिंदू चौकात चहा घेताना टीव्हीवरची चर्चा ऐकली. कोण कुणाला काय बोललं, एवढंच! २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज आहे, महसुली तूट, म्हणजे नेहमीच्या खर्चाला कमी पडणारं उत्पन्न, ४५,८९१ कोटी. आकडे सरकारनंच छापलेत, पण अँकरच्या तोंडी नाहीत. उलट खर्चाला कात्री लावा म्हणणारा यांच्या लेखी लगेच गरिबांचा वैरी. हे मला अजिबात पटत नाही. हे कर्ज उद्या गरिबाच्या पोरालाच फेडायचंय. आपण कोल्हापूरकरांनी रस्त्यावर उतरून टोल रद्द करून घेतला, तेव्हाही प्रश्न पैशाच्या हिशेबाचाच होता की. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो. चॅनेलवाल्यांनी त्यावर एक तास तरी द्यावा, मग सत्तेत कुणीही असो.