इतर हक्क

मामाला सांगितलं, अमेरिकेत एका नदीवरची चार धरणं पाडली. मामा सुपारी कातरत होता. "फुटली म्हण की," म्हणाला.

म्हटलं, फुटली नाहीत, पाडली. रीतसर परवानगी काढून, मशीन लावून.

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "मग खालची जमीन वर आली का?"

आमचं आजोळ शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात गेलंय, बामणोलीच्या पलीकडल्या काठाला. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा मामा विशीत होता, माझा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे धरण म्हटलं की त्याच्या डोक्यात वीज येत नाही, ऊसही येत नाही, खालची जमीनच येते. मी सांगितलं, आली वर. त्या धरणांच्या जागी शास्ता नावाचे लोक होते, त्यांना २८०० एकर परत द्यायचं २०२४ सालीच ठरलं. "किती वर्सांनी?" पहिलं धरण १९१८ चं, म्हणजे शंभराच्या वर. मामानं परत अडकित्ता उचलला.

ही नदी म्हणजे कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाची क्लॅमथ. धरणं पडावीत म्हणून जे वर्षानुवर्षं भांडले, त्यात तिच्या मुखाकडचे युरोक लोक पुढे होते. नदीवर साल्मन मासा चढतो आणि त्यावर त्यांचं सगळं चालतं. २००२ च्या सप्टेंबरात वरच्या बाजूला शेतीला पाणी वळवलेलं, नदी आटली, तापली आणि मुखाजवळ हजारोंनी मासे मेले. ती बातमी वाचता वाचता मी भलतीकडेच गेलो. धरणाचं राहिलं बाजूला आणि हाताला लागलं १९२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठानं छापलेलं एक पुस्तक. टी. टी. वॉटरमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचं, युरोकांच्या भूगोलावर. नेटवर फुकट आहे.

मी एकतीस वर्षं मोजणी खात्यात होतो. सुरुवातीला शंकू-साखळी, मग प्लेन टेबल, शेवटी शेवटी मशीन आलं. दुसऱ्याच्या मोजणीत चुका काढायची सवय हाडात भिनलीय, तशीच चष्मा पुसून मी हे पुस्तक उघडलं. आणि चुका काढायचं विसरून गेलो.

या माणसानं नदीकाठच्या गावांचे नकाशे काढलेत. एकेका घराला नंबर आणि खाली यादीत त्या घराचं नाव. युरोकांत घराला नाव असतं आणि माणसाची ओळखही त्या घरावरनंच. आमच्याकडे वरलं घर, चौकातलं, पिंपळाखालचं म्हणतात ना, अगदी तसं. नदीतले खडक, भोवरे, मासे धरायच्या जागा, डोंगरातल्या वाटा, सगळ्याला नावं. जागेच्या मानानं इतकी नावं की आपल्या गाव नकाशावर छापायला शाई पुरणार नाही.

आणि दिशा! सगळ्यांत मोठा धक्का तिथं बसला. युरोक माणूस पूर्व-पश्चिम म्हणतच नाही. नदीच्या वर, नदीच्या खाली, नदीकडं, नदीपासून लांब, झालं. नदी वळली की दिशाही वळते. 'युरोक' हे नावसुद्धा त्यांचं स्वतःचं नाही. वरच्या अंगाच्या कारुक लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ 'खालच्या बाजूला'. मी जन्मभर चतुःसीमा लिहिल्या, पूर्वेस अमका, दक्षिणेस ओढा. आणि बांधावर उभा राहिलेला शेतकरी मला दरवेळी काय सांगायचा? "सायेब, त्ये वरल्या अंगाचं आमचं, खालच्या अंगाचं त्येंचं." मी ते ऐकायचो आणि पूर्व-पश्चिम करून लिहायचो.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट वेगळीच. वॉटरमन आणि त्याचा वडीलधारा सहकारी आल्फ्रेड क्रोबर, दोघांनीही युरोकांच्या मालकी हक्काबद्दल बारकाईनं लिहून ठेवलंय. मासे धरायची जागा खासगी मालकीची. विकता येते, वारसाला जाते, भांडणाच्या भरपाईत देता येते. एका जागेला चार-चार हिस्सेदार आणि ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे दिवस त्यानं जाळं लावायचं. दुसऱ्याच्या जागेच्या लगेच खाली नवी जागा काढायची नाही.

विहिरीची पाळी की हो!

आमच्याकडे भावकीत विहीर वाटतात तेव्हा काय करतात? थोरल्याला चार आणे, मधल्याला चार आणे, चुलत्याला आठ आणे आणि मग वार ठरतात. सोमवार-मंगळवार याचा, पुढचे दोन त्याचे. नकाशावर विहीर म्हणजे एक गोल. सातबाराला 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, त्यात कधी हिस्सा लिहिलेला सापडतो, वार मात्र कधीच नाही. तो रकाना मी सोसायटीच्या बोज्यानं भरलेलाच जास्त पाहिला. वार हा लोकांच्या तोंडी असतो. तोंडं बदलली की कोर्टात जातो.

पाटण तालुक्यात एका वाडीवर मोजणी करताना एक म्हातारी माझ्यामागं लागली होती. पलीकडच्याच्या शेतात हिरड्याचं झाड होतं, त्याचा हिरडा गोळा करायचा हक्क तिच्या सासऱ्यापासून त्यांचा. "ल्हिव की बाबा तेवढं." मी म्हणालो, "आजी, ते मोजणीत येत नाही." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा बोललोय की निवृत्तीच्या सत्काराला शालीवर विणून दिलं असतं तरी शोभलं असतं.

बरं, कायद्यात जागा नाही असंही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६५. 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागद करायचा आणि त्यात गावच्या रूढी लिहायच्या: खासगी जमिनीतून पाणी नेण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट आणि मासे धरायचा हक्क. हो, मासे धरायचा हक्क कायद्यात शब्दानं आहे. खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. भरलेला वाजिब-उल-अर्ज मी एकतीस वर्षांत डोळ्यांनी पाहिला नाही.

वॉटरमनकडं छापील फॉर्म नव्हता म्हणून त्यानं लोक सांगतील ते लिहिलं, असं मला वाटतं. मात्र त्याला डोक्यावर घ्यायचीही गरज नाही. हे लोक संपत चालले, त्यांचं ज्ञान तेवढं वाचवू, अशी त्या पिढीची समजूत होती. ज्यांची नावं लिहिली, त्यांची जमीन त्याच काळात हातातनं जात होती. १८९२ च्या कायद्यानं नदीकाठचं त्यांचं राखीव क्षेत्र तुकडे पाडून बाहेरच्यांना खुलं झालं आणि पुढे मोठा भाग लाकूड कंपन्यांकडं गेला. विद्यापीठ घरांची नावं छापत होतं आणि बाहेर रेडवूडची झाडं पडत होती.

क्रोबर म्हातारपणी, १९५० च्या दशकात, कॅलिफोर्नियाच्या आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यात त्यांच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. १९६४ ला तडजोड झाली, एकरी अर्ध्या डॉलरहूनही कमी. एवढा जन्म घालवलेल्या माणसाच्या साक्षीचा हा भाव. त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या इमारतीवरनं २०२१ मध्ये त्याचं नाव उतरवलं.

दुसरा प्रसंग तर मला फार लागला. युरोक आणि शेजारच्या लोकांच्या पवित्र डोंगरातून वनखात्याला रस्ता न्यायचा होता. खात्यानंच डोरोथिया थिओडोरेटस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंकडून अहवाल करून घेतला. १९७९ साली तो आला: रस्ता करू नका, भरून न येणारं नुकसान होईल. खात्यानं अहवाल बाजूला ठेवला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८८ ला पाच विरुद्ध तीन असा निकाल खात्याच्या बाजूनं. जमीन शेवटी सरकारची आहे, असा त्याचा सूर. रस्ता तरी झाला नाही. १९९० साली कायदा करून तो पट्टा संरक्षित रानात घातला.

आणि आपल्याकडे? इरावतीबाई कर्व्यांनी जय निंबकरांना बरोबर घेऊन कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली. १९६९ साली डेक्कन कॉलेजनं छापली. पुनर्वसनाचा पहिला कायदा आला १९७६ ला. मामाचं घर तोवर दोनदा उठून बसलं होतं.

युरोकांनी मात्र कागद सोडला नाही. १९६९ साली जाळी जप्त झालेल्या एका युरोक माणसाचा खटला १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला, राखीव क्षेत्र अजून शाबूत आहे असं ठरलं. २०२५ मध्ये ब्लू क्रीकच्या खोऱ्यातली जमीन धरून सुमारे ४७ हजार एकर त्यांच्याकडं परत आली, तीही लाकूड कंपनीकडून टप्प्याटप्प्यानं विकत घेतलेली.

मे महिन्यात मामाला घेऊन बामणोलीला गेलो. पाणी खूप खाली होतं, काठाला गाळपेरीचे पट्टे दिसत होते. टेप नेली नव्हती, दोनशे पानी वही नेली होती. लाँचवाल्याला सांगितलं, सावकाश घे. मामा पाण्याकडं बोट करून सांगत होता आणि मी नंबर टाकत होतो. एक, वरलं घर. दोन, तेल्याचं जुनं. तीन, आमचं, दारात जांभूळ. "जांभळीखालच्या डव्हात मासं धरायची आमची पाळी आमुशाच्या अलीकडं, त्येंची पलीकडं." लिहिलं. चार, पाच, सहा.

सातव्याला तो थांबला. बोट तसंच होतं.

"ते ऱ्हाऊ दे."

"नाव तरी सांग."

"म्हटलं ना, ऱ्हाऊ दे."

युरोकांत मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर घरच्यांना भरपाई द्यावी लागायची, तेही क्रोबरनं लिहून ठेवलंय. मी सातचा आकडा तसाच ठेवला, पुढं रेघ मारली आणि आठवर गेलो. आठवं घर मामाच्या मावशीचं निघालं. तिथली फणसाची हकीकत तासभर चालली. लाँचवाल्यानं डिझेलचे दीडशे जास्त लावले.