थोरलं पातेलं

रविवारी सकाळी पुतण्या इंग्रजीची वही घेऊन स्वयंपाकघरात आला. ‘दादा माझ्यापेक्षा मोठा आहे’ याला त्यानं एल्डर लिहिलेलं आणि बाईंनी लाल रेघ मारून वर ओल्डर केलेलं. “काका, मोठा भाऊ एल्डर ब्रदर चालतं, मग हे का नाही?”

गॅसवर मटण शिजत होतं. मी नियम सांगितला. एल्डर घरच्या माणसांपुरता, तोही बहुतेक नामाला चिकटून. ‘पेक्षा’ आलं, दॅन आलं, की ओल्डर. देऊळ, वाडा, झाड, सगळ्याला ओल्डरच. खरं तर जुन्या इंग्रजीतलं रूप एल्डरच्या घराण्यातलं. ओल्डर मागाहून आला आणि त्यानं बहुतेक घर बळकावलं. भाऊबंदकी कुठं चुकत नाही.

“म्हणजे आपलं थोरला, व्हय,” कांदा चिरता चिरता आई म्हणाली. बरोबर बोलली. माझ्या वीस वर्षांच्या इंग्रजीला हे सुचलं नव्हतं. थोरला दादा म्हणतो, पण ‘माझ्यापेक्षा थोरला’ म्हणताना जीभ जरा अडतेच.

मी खूश झालो, तोवर आईच म्हणाली, “ते थोरलं पातेलं काढ रे खाली.”

पुतण्यानं लगेच पकडलं, “पातेलं घरचं माणूस आहे?” आमच्याकडं आहेच म्हणायचं. त्यात तांबडा रस्सा होतो, त्याहून लहान भांड्यात पांढरा, आणि आळणी रस्स्यासाठी धाकटं.

पण खरी गंमत पुढं आहे. थोरली काकू आईची थोरली जाऊ, आणि वयानं आईपेक्षा दोन वर्षांनी लहान. थोरल्या दिराशी लग्न झालं म्हणून थोरली. दसऱ्याला सोनं देऊन वाकते ती आईच. एल्डर वय मोजतो. आमचा थोरला जावांमध्ये नवऱ्याचं वय मोजतो. हे बाईंना कसं समजावणार? मी नाद सोडला.

फार्दर-फर्दरचं पानही होतं. अंतराला फार्दर, बाकीला फर्दर, असं काहीजण शिकवतात. अंतरालाही फर्दर सर्रास चालतं. आपलं एक ‘पुढं’ बास. रंकाळ्याच्या पुढं फुलेवाडी, आणि दहावीच्या पुढं काय, तेही पुढंच.

जेवायला बसलो तर पाहुणे दोन वाढलेले. आई आतून ओरडली, “कमी पडणार!” पुतण्यानं विचारलं, “आज्जी, रस्सा का वाट्या? एकाला लेस, दुसऱ्याला फ्यूअर.”

“भाकरी,” आई म्हणाली, आणि परत परात पुढं ओढली.