तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रुज अर्ध्या दिवसात पाहून होते का?

युरोपच्या सहलीचा बेत आखणारे नातेवाईक आणि परिचित मला गेली अनेक वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहेत. मी शिक्षणासाठी बेल्जियममध्ये दोन वर्षे राहिले होते हे त्यांना ठाऊक असते. “ब्रसेल्सला दोन दिवस आहोत, त्यातला अर्धा दिवस काढून ते जुने शहर, ब्रुज, बघून येता येईल ना?” असे ते विचारतात. येता येईल. ब्रसेल्सहून रेल्वेने तासाभराचे अंतर आहे आणि स्थानकापासून जुन्या गावात वीस मिनिटांत चालत पोहोचता येते. पण अर्ध्या दिवसात जे दिसते त्यावरून हे शहर असे का आहे याचा पत्ता लागत नाही, म्हणून माझे उत्तर दरवेळी तेच असते: एक रात्र मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दामे या शेजारच्या गावी जाऊन या.

माझी पहिली भेट अर्ध्या दिवसाचीच होती. कालव्यातून नावेची फेरी, मार्क्ट या मुख्य चौकात छायाचित्रे, चॉकलेटची दोन दुकाने, आणि परतीची गाडी. सगळे फार सुंदर होते आणि मला त्यातले काहीही कळले नव्हते. पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी माथ्याची ती विटांची घरे, ते हंस, ते पूल पाहून मनात आलेला साधा प्रश्न, म्हणजे एवढे जुने शहर जसेच्या तसे कसे राहिले, हा मी कोणाला विचारलाही नाही. त्याचे उत्तर पाण्यात आहे, आणि ते कळल्याखेरीज ब्रुज पाहू नये असे मला आता वाटते.

ब्रुज समुद्रकाठी नाही. समुद्र तिथून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. 1134 मध्ये आलेल्या मोठ्या वादळाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी आत आणली असे परंपरेने सांगितले जाते. त्या खाडीपर्यंत जलमार्ग काढून ब्रुजच्या लोकांनी आपले गाव जगाशी जोडले आणि पुढची तीन शतके ते उत्तर युरोपातले सर्वांत गजबजलेले पेठेचे ठिकाण होऊन राहिले. इंग्लंडची लोकर इथे उतरे आणि फ्लँडर्सच्या मागांवर तिचे उंची कापड होई; जिनोव्हा आणि व्हेनिसची गलबते भूमध्य समुद्रातून वळसा घालून इथे येत; आणि त्या गलबतांतून जे मसाले येत त्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्याची, मलबारची मिरीही असे, जी अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत इथवर पोहोचलेली असे. फान डेर बुर्झे नावाच्या एका कुटुंबाची इथे खानावळ होती. तिच्यासमोरच्या चौकात परदेशी व्यापारी हुंड्यांचे व्यवहार करत, आणि त्या कुटुंबाच्या नावावरूनच ‘बोर्स’, म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार, हा शब्द आला असे मानले जाते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सच्या पाटीवरून माझी नजर गेली की मला दरवेळी तो लहानसा चौक आठवतो.

मग खाडी गाळाने भरू लागली. जहाजे आधी दामेपर्यंत येत, पुढे समुद्राच्या बाजूच्या स्लाउस गावापर्यंतच येऊ लागली, आणि पंधरावे शतक संपता संपता मोठ्या जहाजांना वाट उरली नाही. त्यातच 1488 मध्ये गावाने हॅब्सबर्ग राजपुत्र मॅक्सिमिलियन याला चौकातल्या एका घरात डांबून ठेवले. सुटका झाल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पकडे वळवण्याची जी खटपट केली तिने उरलेसुरले बळही गेले. वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर पोर्तुगीज मिरी नव्या सागरी मार्गाने येऊ लागली तेव्हा, 1501 मध्ये, तिची पहिली खेप अँटवर्पला उतरली, ब्रुजला नाही. त्यानंतरच्या शतकांत ब्रुज गरीब झाले, आणि जुनी घरे पाडून नवी बांधावीत एवढा पैसाच गावात फारसा कोणाकडे नव्हता. आपण ज्याला जतन म्हणतो त्याची सुरुवात इथे अशा दारिद्र्यातून झाली आहे.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. सकाळी दार उघडताच बेल्फोर्टवर, म्हणजे मार्क्टमधल्या घंटाघरावर, चढावे. दुपारी रांग लांब होते. मनोरा 83 मीटर उंच आहे आणि पायऱ्या 366 आहेत. वरच्या टप्प्यांत जिना इतका अरुंद होतो की उतरणाऱ्यासाठी अंग चोरून उभे राहावे लागते आणि आधाराला भिंतीलगतचा दोर असतो, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हा हट्ट धरू नये. मध्ये एका दालनात लोखंडी जाळीच्या दारांमागे गावाच्या सनदा ठेवत. 1280 च्या आगीत जुनी दप्तरे जळून गेली होती, हे आठवले की त्या जाळ्यांचा जाडपणा समजतो. वर 47 घंटांचा संच आहे आणि तो वाजवणारे पितळी पिंप दर पाव तासाला फिरते. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून दूर क्षितिजाशी झेब्रुगेचे आधुनिक बंदर दिसते. समुद्र किती लांब गेला आहे हे तिथे उभे राहिल्यावरच डोळ्यांना पटते.

चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलँजेलोची संगमरवरी माता आणि बालक आहे. ब्रुजच्या कापडव्यापारी कुटुंबाने ती विकत घेतली होती, आणि मायकेलँजेलोच्या हयातीत इटलीबाहेर गेलेले हे त्याचे एकमेव शिल्प मानले जाते. फ्रेंच क्रांतीच्या काळात ते पॅरिसला नेले गेले आणि परत आले. 1944 मध्ये जर्मन सैनिकांनी ते गाद्यांत गुंडाळून पळवले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत ते सापडले. त्यासमोर गर्दी असते. मला मात्र रस्त्यापलीकडचे सेंट जॉन रुग्णालय अधिक जवळचे वाटते. बाराव्या शतकात सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या उंच लाकडी छताखालच्या दालनात आजारी प्रवासी आणि निराधार माणसे खाटांवर पडून असत, आणि त्यांची सेवा करणाऱ्या व्रतस्थ बंधुभगिनींनी हान्स मेमलिंग या गावातल्याच चित्रकाराकडून आपल्या वेदीसाठी 1479 मध्ये चित्र करून घेतले. पाच शतकांनंतर ते चित्र त्याच इमारतीत आहे. त्याची बाहेरची दारे मिटली की त्यांवर हात जोडून बसलेले चार जण दिसतात. ते या रुग्णालयातलेच बंधू आणि भगिनी आहेत. मोठ्या संग्रहालयांत मेमलिंग पाहायला मिळतो, पण ज्यांच्यासाठी त्याने चित्र काढले त्यांच्या खोलीत उभे राहून तो पाहणे वेगळे आहे. या एका इमारतीला दोन तास द्यावेत.

काही जण विचारतात की हे सगळे खरेच मध्ययुगीन आहे का. सगळे नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. मार्क्टच्या एका बाजूचा भव्य प्रांतिक दरबार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या गॉथिक धाटणीवर उभारायला घेतलेला आहे, चौकातल्या वीरांचा पुतळा 1887 चा आहे, आणि अनेक घरांचे दर्शनी भाग त्याच काळात पुन्हा ‘मध्ययुगीन’ केलेले आहेत. पण रस्त्यांची वळणे, कालव्यांच्या रेषा, भूखंडांच्या अरुंद पट्ट्या आणि गावाचा अंडाकृती आकार जुनाच आहे, आणि मला तो एखाद्या भिंतीच्या विटांपेक्षा मोलाचा वाटतो. 2000 पासून हा सारा गावठाण भाग जागतिक वारसा यादीत आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना मध्येच सांगते. बेल्जियममध्ये बटाट्याचे तळलेले काप पुष्कळ ठिकाणी गोवंशाच्या चरबीत तळतात, तेव्हा घेण्याआधी तेल कोणते हे नक्की विचारावे.

मुक्कामाचा आग्रह मी संध्याकाळसाठी धरते. पाच-सहाच्या सुमारास दिवसभराचे प्रवासी परततात आणि गाव ओळखू येणार नाही इतके शांत होते. दुसऱ्या भेटीत आई माझ्याबरोबर होती. 1245 च्या सुमारास स्थापन झालेल्या बेगाइनहॉफमध्ये, जिथे लग्न न करता पण आजन्म व्रतही न घेता स्त्रिया आपल्या श्रमांवर एकत्र राहत, आम्ही दार बंद होईपर्यंत झाडांखाली बसून होतो. आईने त्या पांढऱ्या घरांकडे पाहत विचारले, “यांना कोणी घरी परत बोलवत नसे का?” मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दामेला गेलो. सरळ कालव्याच्या काठाने, वाऱ्याने एका बाजूला झुकलेल्या पॉपलरच्या रांगेतून, सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. सायकलवर तो अर्ध्या तासाचा, पण आईसाठी आम्ही वाहन केले. एके काळी ब्रुजचे बंदर असलेले दामे आज एका रस्त्याचे खेडे आहे. त्याचे चर्च बंदराच्या भरभराटीच्या दिवसांत बांधलेले, पुढे गावाला ते पेलेना, म्हणून मधला भाग पाडून टाकला. आता मनोरा एकीकडे उभा आहे, चर्च दुसरीकडे, आणि मध्ये छप्पर नसलेल्या भिंतींच्या कमानी आहेत. आई रेवदंड्याची, जिथल्या किल्ल्यात सातखणी नावाचा जुना मनोरा आहे. तिने बराच वेळ त्या एकट्या मनोऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आमच्या सातखणीसारखाच गं हा.” मग तिने खाडी कुठे होती ते विचारले. मी कालव्यापलीकडे बोट दाखवले. तिथे हिरव्या कुरणात गाई चरत होत्या.