यशवंत सागरच्या काठावरचं रतनपुरुष

इंदूरहून हातोदच्या रस्त्याला लागलं की भाद्रपदात दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन. पुढे गंभीर नदीवर होळकरांच्या काळात बांधलेला यशवंत सागर लागतो. इंदूरला पाणी पुरवणारा हा तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. इथे बहुतेक जण सारस बघायला येतात. एक जोडी आम्हालाही दिसली, बराच वेळ बघितली. पण मी आणि मावशी आलो होतो ते एका वीतभर झुडपासाठी, रतनपुरुषासाठी.

व्हायोलेट म्हटलं की युरोपातल्या दलदलीतली फिकट जांभळी फुलं आठवतात, नाहीतर हिमालयातला बनफशा. आपल्या माळव्यात त्याच कुळातलं रतनपुरुष उगवतं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली त्याला व्हायोलाच, म्हणजे व्हायोलेटच्याच प्रजातीतलं, म्हटलं होतं. पुढे प्रजाती बदलली, कूळ तेच राहिलं. ते पाण्यात उभं राहत नाही. पाऊस मुरलेल्या उतारावर, गवताच्या आडोशाने वाढतं.

काळी माती पायाला किलोकिलोने चिकटत होती. मावशीच आधी थांबली. "अगं, हे बघ, एकच पाकळी!"

खरं तर पाकळ्या पाच असतात. चार इतक्या बारीक की डोळे फुलाला टेकवावे लागतात. पाचवी मात्र लांब दांड्याच्या पळीसारखी खाली पसरलेली, गुलाबी-जांभळी, आत गडद रेघा. तिच्या बुडाशी छोटा फुगवटा आणि मधोमध बीजकोशाला बिलगलेले पाच पुंकेसर. भिंग लावलं तेव्हा व्हायोलेटशी नातं पटलं.

शेजारच्या फांदीवर वाटाण्याहून लहान बोंडं होती. एक पिकून तीन फाकांत उघडलेलं. फाका वाळत जातात तशा आतल्या बियांना दोन्हीकडून दाबतात आणि बी उडतं. मावशीने ते तळहातावर घेतलं आणि एक बी थेट तिच्या चष्म्यावर आपटलं. मग आम्ही तिथेच बसून राहिलो, आणखी उडतात का बघत.

त्याच झुडपावर तांबूस, काटेरी अळ्या पानं कुरतडत होत्या. काळ्या ठिपक्यांचं, संथ उडणारं नारिंगी टॉनी कॉस्टर फुलपाखरू ह्यांचंच. "ह्या तर आमच्या कृष्णकमळावर असतात! मी दरवर्षी वेचून टाकते," मावशी म्हणाली. कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलीही ह्या अळ्यांना चालतात. पण बागेतल्या वेली पुष्कळशा बाहेरून आलेल्या, हे झुडूप इथलंच. म्हणून बांधांवर सरसकट तणनाशक मारलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं. तिथे जळतं ते सगळंच तण नसतं.

जायचं तर सप्टेंबर संपायच्या आत जा. जुने बूट घाला, भिंग न्या. नजर पाण्यावरून काढून उतारावरच्या गवतात लावा. आणि झुडूप उपटू नका, फोटो पुरे.