फ्लोट बुडाला नाही, आडवा झाला

दहा तासांत चार मासे. हिशेब म्हणून चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण इतक्या वर्षांच्या भटकंतीत मिनिटामिनिटाने आठवते ती ही एकच फेरी. चारही मासे शेवटच्या अडीच तासांत आले, आणि त्याआधीच्या साडेसात तासांत मी आणि माझ्या मित्राने हिवाळ्यात करता येतात त्या बहुतेक सगळ्या चुका एकामागून एक करून टाकल्या. तुम्ही निघणार असाल तर निदान नव्या चुका करा.

पहिली चूक गजर लावण्याची. मित्राचा ठाम नियम असा, की मासे पकडणाऱ्याने सूर्याच्या आधी पाण्यावर पोचायचं. उन्हाळ्यात ते शंभर टक्के खरं. हिवाळ्यात मात्र रात्रभर उष्णता गमावलेलं पाणी पहाटेच सर्वांत गार असतं. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, पाण्याचं तापमान तेच त्याचं. पाणी दहा अंश उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. भूक कमी, पचन मंद, हालचाल आणखी मंद. त्यामुळे हिवाळ्यात लवकर उठणाऱ्याला फक्त सर्दी मिळते. आम्ही सात वाजता गळ टाकले तेव्हा हवा उणे चार होती आणि तळ्यावरून वाफ निघत होती. दृश्य सुरेख, उपयोग शून्य. निवांत जेवून बाराच्या सुमारास पोचलो असतो तरी तेवढेच मासे मिळाले असते.

दुसरा धडा अर्ध्या तासात मिळाला. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळताना रॉड जड लागायला लागला. पाहिलं तर टोकाच्या तीन कड्यांमध्ये बर्फाचे मणी तयार झालेले. ओली तंगूस कडीतून सरकताना दर वेळी थोडं पाणी तिथे सोडते, ते गोठतं आणि भोक बुजत जातं. मित्राने नखाने खरवडायला सुरुवात केली. हे करू नका. कडीच्या आतलं गुळगुळीत अस्तर निघालं तर पुढे तिथेच तंगूस कापली जाते. रॉडचं टोक दहा-पंधरा सेकंद पाण्यात बुडवून ठेवलं की बर्फ आपोआप सुटतो. तळ्याचं पाणी कितीही गार असलं तरी बर्फापेक्षा ऊबदारच असतं. मित्राच्या रिळावर विणलेली दोरी होती. ती पाणी शोषते आणि गोठली की सुतळीसारखी ताठ होते. माझ्या साध्या नायलॉनचा त्रास त्या मानाने बराच कमी झाला.

काठाची निवड माझी, म्हणजे ती चूक माझ्या नावावर. वारा ज्या काठावर येऊन आपटतो तिथे बसायचं, ही माझी उन्हाळ्यातली सवय. तेव्हा वारा वरचं कोमट पाणी आणि त्यावर तरंगणारं खाणं त्या काठाला ढकलतो, मागोमाग मासेही येतात. हिवाळ्यात वारा पाण्यापेक्षा गार असतो. त्याने येतो तो फक्त गारठा, आणि उथळ भाग सतत ढवळत राहिल्याने उन्हाची ऊबही टिकत नाही. हे मला पाठ होतं. तरी सवयीने पाय तिकडेच वळले.

तापमान मोजायचा माझा एक जुगाड आहे. अरुंद तोंडाच्या जाड बाटलीत थर्मामीटर ठेवायचा, तळाला वजन बांधायचं आणि एक-एक मीटरवर गाठ मारलेल्या दोरीने बाटली खाली सोडायची. पाच-सात मिनिटं राहू द्यायची आणि झटकन वर घेऊन वाचायचं. नुसता थर्मामीटर सोडला तर वर येताना आकडा बदलतो. बाटलीतलं पाणी आपल्याबरोबर खालचं तापमान घेऊन येतं. सकाळी आमच्या काठाशी साडेचार अंश भरलं, वरही तेवढंच आणि खालीही तेवढंच. म्हणजे वाऱ्याने सगळं एकजीव केलेलं. गोडं पाणी चार अंशाला सर्वांत जड असतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत पृष्ठभाग गोठला तरी खोल तळाशी साधारण चार अंशाचं पाणी साचून राहतं. कडक गारठ्यात मासे खोल पाण्यात जातात म्हणतात ते यामुळे. आमच्याकडे बर्फ नव्हता, ऊन पडणार होतं, त्यामुळे शोधायला हवा होता तो ऊन खाणारा, आडोशाचा कोपरा. तो समोर दिसतही होता: वेताच्या दाट बेटामागची काळ्या चिखलाची एक खाडी. पण बूड हलवायला आम्हाला बारा वाजले. घड्याळातलेही, आणि दुसऱ्या अर्थानेही.

दुसरा अर्थ असा. अकराच्या सुमारास मित्र पाणी भरायला खाली उतरला. काठावरच्या दगडांना रात्रीच्या दवाचा बर्फ धरला होता, काचेसारखा पातळ, डोळ्यांना दिसतच नव्हता. मी "अरे, जपून" म्हणेपर्यंत तो छातीभर पाण्यात.

पोहता त्याला उत्तम येतं. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचा काहीच उपयोग झाला नाही. गार पाणी छातीला लागलं की माणूस जोराने श्वास आत ओढतो, मग धाप लागते, आणि हे आपल्या हातात नसतं. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर तो श्वास पाण्याचाच. म्हणून आधी काहीतरी धरायचं, तोंड वर ठेवायचं आणि श्वास ताब्यात येईपर्यंत हातपाय झाडायचे नाहीत. तेवढं झालं की सुमारे दहा मिनिटं हात कामाचे राहतात, त्यानंतर बोटं ऐकेनाशी होतात. बाहेर पडायचं ते त्या दहा मिनिटांतच. मी काठावर पालथा झोपलो आणि हातजाळ्याचा दांडा पुढे केला. उभ्याने हात दिला असता तर दोघेही आत गेलो असतो, दगड तोच होता.

बाहेर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि अंगात होती जीन्स. निघताना मी म्हटलं होतं, सुती कपडे नकोत. त्यावर "आपण काय पोहायला चाललोय का?" असं उत्तर मिळालं होतं. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटून ऊब ओढत बसतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. माझ्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेला कपड्यांचा एक पूर्ण जोड होता. दर वेळी नेतो आणि दर वेळी तसाच परत आणतो, म्हणून मित्र त्याला "हुंडा" म्हणतो. त्या दिवशी हुंडा त्याच्याच अंगावर चढला. ओलं सगळं उतरवलं, अंग टिपलं, आधी छाती-पोट-मान झाकली, मग हातपाय, डोक्याला टोपी. गारठलेले हातपाय चोळायचे नाहीत. दारूचा घोट तर अजिबात नाही; तिने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. गरम गोड चहा चालतो, तोही माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर. कापरं थांबलं तर बरं वाटू देऊ नका. कापरं थांबून माणूस गप्प, सुस्त किंवा असंबद्ध होऊ लागला तर मासेमारी तिथेच संपली, थेट दवाखाना गाठायचा. आमचा पाऊण तासात शिव्या द्यायला लागला. तब्येतीचं ते उत्तम लक्षण होतं.

मी परत फिरायचं म्हटलं. तो म्हणाला, "एवढं भिजून रिकाम्या हाताने? चल, त्या कोपऱ्यात बसू, ऊन तरी खाऊ." गाडी जवळ होती आणि तो पूर्ण कोरडा होता, म्हणून मी मान्य केलं. दोनपैकी एक गोष्ट नसती तर केलं नसतं.

खाडीत बाटली सोडली तर साडेसहा अंश. दोन अंशांचा फरक. आपल्याला तो जाणवणारही नाही, पण त्या थंडीत माशाला लगेच कळतो. इथे मात्र चाऱ्याच्या बाबतीत आम्ही हात आखडला. सकाळी त्या वाऱ्याच्या काठाशी ओंजळी-ओंजळी चारा फेकला होता, म्हणजे पोट भरायला आलेल्याला आधीच जेवू घातल्यासारखं, आणि आलेलं तर कोणी नव्हतंच. गारठ्यात मासा दिवसाकाठी दोन-चार घास घेतो; त्यातला एक आपल्या गळावरचा असावा एवढंच बघायचं. मक्याचे सहा-सात दाणे टाकले आणि लहान गळावर एकच दाणा लावला. हिवाळ्यात शेवाळ तळाशी बसल्याने पाणी नितळ असतं. पिवळा दाणा लांबून दिसतो, आणि जाड तंगूसही दिसते, म्हणून शेवटचा हातभर भाग बारीक घेतला.

आता मुद्द्याचं. दोनच्या सुमारास माझा फ्लोट, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा तंगुसावरचा तरंगता तुकडा, हळूच वर आला आणि पाण्यावर आडवा झाला. बुडाला नाही, हलला नाही, नुसता झोपला. मला वाटलं तंगूस सैल झाली. गुंडाळली आणि परत टाकायच्या आधी सहज गळाकडे बघितलं. दाण्याचं फक्त साल उरलं होतं. चपटं, दाबून पिळून काढल्यासारखं, आत गर नाही. मित्राने ते चिमटीत धरून उन्हात बघितलं आणि म्हणाला, "हा मासाच होता रे. आणि सकाळपासून असे किती गेले?"

आम्ही ज्याच्या मागे होतो त्या कार्प माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तिथे तो दाणा चिरडतो. म्हणजे आमिष पार घशापर्यंत जाऊन आलं होतं आणि मी फ्लोट बुडायची वाट बघत बसलो होतो. उन्हाळ्यातला कार्प आमिष घेऊन चालू पडतो, फ्लोट खाली जातो. गारठलेला जागचा हलत नाही. डोकं खाली घालून दाणा उचलतो, अंग सरळ करतो, झालं. सारी हालचाल वीतभराची.

मग जुळणी बदलली. फ्लोट फक्त खालच्या टोकाला अडकवला. गळापासून चार बोटांवर शिशाचा एकच मोठा छर्रा, फ्लोटला एकट्याने बुडवेल इतका जड. फ्लोट ते गळ अंतर मुद्दाम पाण्याच्या खोलीपेक्षा थोडं जास्त ठेवलं, म्हणजे छर्रा तळावर टेकतो. मग रॉड टेकून तंगूस हळूहळू ताणायची, फ्लोट उभा राहून त्याचं टोक जेमतेम पाण्याबाहेर राहीपर्यंत. आता माशाने दाणा उचलला की छर्राही उचलला जातो, फ्लोटला खाली ओढणारं वजन नाहीसं होतं आणि तो वर येऊन आडवा पडतो. बारीकशी उचलही लपत नाही. अट एकच: पाणी शांत हवं. लाटांवर ही जुळणी चालत नाही, तेव्हा आडोशाचा काठ इथेही कामाला आला.

अडीचला फ्लोट पुन्हा उठला. या वेळी आडवा व्हायची वाट न बघता मी मनगटाने हलका हिसका दिला. पलीकडून धाव नाही, झटका नाही. कोणीतरी ओली गोणी ओढत असावं तसं जड, संथ वजन. पाच-सहा मिनिटांत कार्प जाळ्यात आला, अंदाजे अडीच किलोचा. हात लावला तर नुकत्याच धुतलेल्या दगडाइतका गार. पुढचे दोन मित्राचे, शेवटचा माझा, पाच वाजता, ऊन वेताच्या शेंड्यांवर असताना.

चारही सोडले. सोडायचे असतील तर हिवाळ्यात एक काळजी जास्त घ्या. हवा शून्याखाली असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नका. कल्ले नाजूक असतात, ते गोठायला वेळ लागत नाही. जाळ्यातच, पाण्यात ठेवून गळ सोडवायचा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकला तर हे काम दोन सेकंदांचं. हात आधी ओले करायचे, कोरड्या हातमोज्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. घरी न्यायचे असतील तर त्या पाण्याचे परवाने, आकाराची मर्यादा आणि बंदीचा काळ आधी बघून घ्या.

पायांबद्दल थोडं. मी दोन जाड मोजे एकावर एक चढवून बूट घट्ट केले होते आणि दहा वाजता अंगठे बधिर. रक्तच पोचत नव्हतं. एक लोकरी मोजा आणि बोटं हलतील एवढा सैल बूट जास्त ऊब देतो. पायांखाली फोमचा तुकडा टाका. गारठा हवेपेक्षा जमिनीतून जास्त चढतो. आणि तंबू किंवा गाडी बंद करून आत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तळं गोठलेलं असेल तर हा सगळा वृत्तांत बाजूला ठेवा, तो वेगळाच खेळ आहे. स्वच्छ, काचेसारख्या बर्फाची निदान दहा सेंटिमीटर जाडी चालणाऱ्या माणसाला लागते. पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मी धरतात. शिवाय झरा किंवा ओढा मिळतो तिथे बर्फ नेहमी पातळ असतो. जाडी एकदाच मोजून भागत नाही, चालता चालता मोजत राहावी लागते.

सव्वापाचला सामान आवरताना आठवलं, मित्राची जीन्स सकाळपासून सावलीतल्या फांदीवर लटकत होती. तो आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. अंधारात टॉर्च मारला तर तो फळी आणावी तशी ती काखेत धरून येत होता, दोन्ही पाय ताठ पुढे. गाडीला टेकवून ठेवली तर उभीच राहिली. डिकीत ती आडवी काही मावेना, मग मागच्या सीटवर बसवून आणली.